घरी सापडण्याची शक्यता

खोका द्राक्षांचा आहे. बाजूला छापलेल्या घडाचा रंग उडालाय, तरी घड ओळखू येतो. दादाचं सामान आवरताना तो माळ्यावरून खाली आला आणि मी लगेच नाक घालून पाहिलं. इतक्या वर्षांनी द्राक्षांचा वास यायचं काही कारण नव्हतं. जुना कागद, डांबरगोळ्या आणि धूळ, एवढंच. आत कव्हर नसलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, बाबांचा करड्या रंगाचा एक मोजा आणि त्या मोज्यात तंबोल्याच्या लाकडी गोट्या. मोजा हलवला तर खडखड वाजला. मला काहीच वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा लिखाणात पहिल्याच परिच्छेदात डोळे भरून यायची पद्धत आहे.

दादा गेला त्याला आता काही महिने झाले. त्याने लग्न केलं नव्हतं, नाशिकच्या सिडकोतल्या या घरात बाबांच्या मागे तो आणि आई दोघंच राहायचे. तो गेल्यापासून आई रडलेली नाही. एकदाही नाही. भेटायला येणाऱ्यांना चहा टाकू का विचारायची, साखर किती विचारायची, आणि बायका आपल्याच पदराने डोळे पुसत घरी जायच्या. आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ती त्याचं नाव घेत नाही. त्याच्या खोलीला ‘वरची खोली’ म्हणते, त्याच्या स्कूटरला ‘खालची गाडी’. देवळ्याहून मावशीचा रोज फोन येतो आणि ती आईशी नाही, माझ्याशी बोलते. “रडली का गं ती?” असं विचारते, जसं कुणी तापाचं विचारावं. “लय वाईट असतं बाई असं कोंडून ठेवणं. माणूस आतून फुटतं. तू काहीतरी कर, तिला बोलती कर.” मी हो म्हणते. मावशीला मी कसं सांगू की माझंही तसंच आहे. त्याला अमरधाममध्ये नेलं तेव्हा मी गाडी नीट लागली आहे ना, एवढंच बघत होते.

तर ते पुस्तक.

दादाला ते मेन रोडच्या मागच्या एका रद्दीवाल्याकडे सापडलं होतं. मी तेव्हा चौथीत असेन, तो सातवीत. पानोपानी राक्षस. शिंगवाले, पंखवाले, पाण्यातले, चिखलातले, काही नुसतेच तोंड असलेले. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात आकडे. दादाने शाळेच्या डिक्शनरीत एकेक शब्द लावून शोधून काढलं की हा खेळ आहे. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले होतात, आणि एखादी गोष्ट जमली की फसली ते फाशांवर ठरतं. फासे आमच्याकडे नव्हते. मग तंबोल्याच्या एक ते वीस अशा गोट्या बाबांच्या जोडीदार हरवलेल्या मोज्यात गेल्या. हात घाला, एक काढा. मोठा आकडा आला तर जमलं.

पण गोष्टीतले होतात म्हणजे कोण होतात? पुस्तकात माणसं नव्हतीच. म्हणून आम्हाला अर्थ सरळ लागला. ज्याने त्याने पुस्तकातला एक राक्षस निवडायचा आणि तो व्हायचं. यात काही चुकतंय अशी शंकासुद्धा आली नाही. नाशकात दुसरं कोण खेळत होतं, विचारायला?

प्रत्येक राक्षसाखाली तो किती संख्येने आढळतो ते दिलेलं असे, स्वभाव कसा ते असे, आणि एक आकडा असे घरी सापडण्याची शक्यता. शंभरात वीस, शंभरात चाळीस. हा आकडा आम्हाला फार आवडायचा. बाबांचा आम्ही दहा धरला होता, कारण ते कायम ऑफिसात. समोरच्या काकूंचा पाच, कारण त्या कायम आमच्याकडे. स्वभावाच्या जागी बहुतेकांपुढे ‘वाईट’ असं लिहिलेलं होतं. दादाने ते वाचलं की शेजारचा प्रकाश म्हणायचा, “वाईट म्हणजे काय, भाजी खात नाही?”

प्रकाश आमच्या घराला भिंत लावून राहायचा. त्याचा राक्षस दोन डोक्यांचा होता आणि दोन्ही डोक्यांचं आपसात पटायचं नाही. एक डोकं त्याच्या वडिलांसारखं घसा खाकरून बोलायचं, दुसरं त्याच्या सिन्नरच्या मामासारखं. माझी राक्षसीण हिरवी, लांब नाकाची, आणि तिचा हात तोडला तर परत उगवायचा. तिचं नाव आम्ही ढोली ठेवलं. मी सारखी पडायचे, गुडघे कायम फुटलेले, म्हणून दादाने मला मुद्दाम ती दिली. “तुला लागलं तरी चालतं,” तो म्हणाला. घरात मी शहाणी मुलगी होते, हळू बोलणारी, मोठ्यांच्या पाया पडणारी. ढोली झाले की मी ओरडायचे, दोन्ही हातांनी खायचे, नाही म्हणायचे. ‘नाही’ हा शब्द मी ढोलीकडून शिकले असं म्हटलं तरी खोटं होणार नाही.

गच्चीवर बाबांनी पत्र्याची एक खोली काढली होती, तिथे आमचा डाव बसायचा. उन्हाळ्यात पत्रा तापला की आम्ही फरशीवर बादलीभर पाणी ओतायचो. ते सुकेपर्यंत खोलीत ओल्या सिमेंटचा वास राहायचा. बाहेर आईच्या कुरडया वाळत असायच्या आणि कावळे हाकलायची पाळी राक्षसांवरच असायची. खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसायचा. राक्षस तिथेच राहतात हे ठरवायलासुद्धा लागलं नाही. द्राक्षांचा हंगाम असला की सुटे मणी स्वस्तात मिळायचे. खोक्यात भरताना घडापासून गळून पडलेले. पातेलंभर मणी मध्ये ठेवून आम्ही खेळायचो. त्यांचे चिकट डाग पुस्तकावर अजून आहेत, पंखवाल्यांच्या पानावर सगळ्यात जास्त.

आता कुणी विचारलं की राक्षस होऊन तुम्ही करायचात काय, तर सांगताना हसू येतं. आम्हाला लढायचं ठाऊक नव्हतं. आम्ही संसार केला. लेण्यात पाणी भरायचं, थंडीत शेकोटीला लाकडं आणायची, प्रकाशच्या एका डोक्याचं लग्न जमवायचं आणि दुसऱ्याची समजूत काढायची. दादा बाकी सगळं जग व्हायचा. तो लेणं मोजायला आलेला तलाठी व्हायचा. तो हरसूलच्या बाजारातली मिरच्या विकणारी बाई व्हायचा, जी राक्षसांनाही भाव कमी करून देत नसे. एकदा आम्हाला एसटीने देवळ्याला जायचं होतं, तर कंडक्टर झालेल्या दादाने प्रकाशला दारातच अडवलं.

“दोन डोकी, दोन तिकिटं.”

“पण बूड एकच आहे,” प्रकाशचं मामासारखं डोकं म्हणालं.

“बूड मोजायचं माझ्याकडे कलम नाही.”

प्रकाशने मोज्यात हात घातला, तीन आकडा आला, आणि राक्षस देवळ्यापर्यंत चालत गेले. वाटेत ढोलीने एक डोकं खांद्यावर घेतलं होतं कारण ते दमलं होतं.

खरंखुरं देवळ्याला आम्ही मे महिन्यात जायचो, मामाकडे. खोका बरोबर असायचाच. तिथे डाव कांदे साठवायच्या चाळीत बसायचा, कारण गावात तेवढीच सावली. बांबूच्या फटींतून ऊन आणि वारा दोन्ही यायचे, आणि तो वास कपड्यांत असा बसायचा की नाशकात परतल्यावर शेजारी ओळखायचे. डोळ्यांना सगळ्यांच्याच धारा, त्यामुळे कोण हरून रडतंय ते कळायचं नाही. मामाची मुलं मध्येच येऊन राक्षस व्हायची आणि मध्येच आंबे खायला उठून जायची. त्यांच्या राक्षसांना आम्ही झोपवून ठेवायचो. काही अजून झोपलेलेच असतील.

एका चैत्रात बाबांच्या ऑफिसातल्या एका मित्राने आम्हाला हरसूलकडे बोहाडा बघायला नेलं. देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून माणसं वाजंत्रीवर नाचतात, एकामागून एक सोंग येतं, असं त्याने वर्णन केलं होतं. आम्ही वाटभर उड्या मारल्या आणि पोचल्यावर झोपलो. जाग आली तेव्हा उजाडलं होतं, सगळं संपलं होतं. पारावर एक माणूस राक्षसाचा मुखवटा मांडीवर घेऊन बशीतून चहा पीत होता. कपाळावर दोरीचा वळ, घामाने रंग ओघळलेला. मुखवट्याला हळदकुंकू लावलेलं. दादा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“तुम्ही दर वर्षी राक्षसच होता?”

“हां. हे सोंग आमच्या घराचंच हाय, पहिल्यापासून.”

“मग वाईट नाही वाटत?”

तो माणूस हसला. “वाईट कशाला? राक्षस नाय आला तर देव नाचंल कुनासंगं?” असं म्हणून त्याने उरलेला चहा दादाला दिला. आईने बघितलं असतं तर उष्टा म्हणून ओरडली असती. दादाने तो संपवला. घरी आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं तर पुस्तकात जिथे जिथे ‘वाईट’ लिहिलं होतं तिथे पेन्सिलीने काट मारली. सगळीकडे. मी आत्ता पानं चाळली तर त्या रेघा आहेत, फिकट झाल्यात.

मग तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. पहिल्या दिवाळीला आला तेव्हा आवाज बदललेला, केस वाढलेले. आईने चकल्यांचा डबा वर पाठवला आणि आम्ही तिघं पत्र्याच्या खोलीत बसलो. प्रकाशने सवयीने मोजा पुढे ठेवला. दादाने तो घेतला नाही.

“आपण उलटं खेळत होतो,” तो म्हणाला. “होस्टेलवर पोरं खेळतात. त्यांच्याकडे बाकीची पुस्तकं आहेत. आपलं नुसतं यादीचं पुस्तक होतं. खेळणारे माणसं होतात, तलवारीवाले. आणि राक्षस मारायचे असतात.”

“का?” प्रकाशने विचारलं.

“त्यांच्याकडे खजिना असतो.”

“आपल्याकडे कुठे होता?” प्रकाश म्हणाला. हे त्याच्या दोन्हीपैकी कुठल्या डोक्याने विचारलं ते कळलं नाही.

दादा बराच वेळ चकली मोडत बसला. खात नव्हता, नुसती मोडत होता. मग म्हणाला, “मी एकदाच बसलो त्यांच्यात. पहिल्याच गुहेत ढोली होती. हात परत उगवतो ना तिचा, म्हणून तिला जाळावं लागतं, तसा नियम आहे. सगळ्यांनी मिळून जाळली. मी उठून मेसमध्ये जेवायला गेलो.”

त्यानंतर आम्ही खेळलो नाही. भांडण नाही, ठरवणं नाही, काही नाही. खोका माळ्यावर गेला. प्रकाशला सिन्नरला कारखान्यात नोकरी लागली, माझं लग्न होऊन मी ठाण्याला गेले, दादा काही वर्षांनी नाशकातच परत आला. पत्र्याच्या खोलीवर स्लॅब टाकला आणि ती ‘दादाची खोली’ झाली. सध्या तिला वरची खोली म्हणायचं.

गेल्या रविवारी दुपारी प्रकाश आला. पेरू घेऊन आला होता, आणि नेहमीसारखा दारातूनच बोलत आत आला. त्याचे केस पांढरे झालेत, पोट सुटलंय. आई खाली बसून मेथी निवडत होती. त्याने खोका पाहिला आणि पेरू टेबलावर ठेवायचं विसरून तसाच पिशवी धरून उभा राहिला.

“एक डाव टाकायचा?” मग तो म्हणाला.

गोष्ट सांगायला कोण आहे, हे मी बोलले नाही, पण त्यालाही ते कळलं असणार. तो खाली बसलाच. आईने मेथीतून मान वर केली.

“तुम्ही दोघांनीच?” तिने विचारलं. कित्येक दिवसांत तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्यात चहा नव्हता.

“तुम्ही या ना, काकू,” प्रकाश म्हणाला.

मला वाटलं ती हसेल, किंवा कामं पडलीत म्हणेल. तिने हात पदराला पुसले आणि पुस्तक ओढून घेतलं. बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटू लागली, दुकानात बसून साड्या बघाव्यात तशी. शिंगवाले नको. पंखवाले नको. पाण्यातल्या एका म्हातारीच्या चित्रावर ती थांबली. लांब हात, केस चेहऱ्यावर आलेले.

“हिला मुलं असतात?”

प्रकाशने खालचे आकडे वाचले. “किती संख्येने आढळते, तर एक. एकटीच असते, काकू.”

“मग हीच दे,” आई म्हणाली.

सांगायची जागा रिकामी होती म्हणून मी तिथे बसले. जन्मभर ढोली होते, बाकीचं जग व्हायची मला सवय नव्हती. तोंडाला येईल ते सांगितलं. नदी आहे, नदीतून तू बाहेर आलीस, समोर गाव आहे. वेशीचा दरवाजा बंद आहे. दारात रखवालदार बसलाय. तो तुला बघून घाबरतो, काठी उचलतो. म्हणतो, कोण गं तू? इथे काय पाहिजे तुला?

मेथीच्या काड्या तिच्या मांडीवर तशाच होत्या. प्रकाशने माझ्याकडे पाहिलं, सोडून देऊ या, अशा अर्थाने. आणि मग आई बोलली, पण मराठीत नाही. माहेरच्या अहिराणीत बोलली. लग्न होऊन नाशकात आल्यावर सासरी हसतात म्हणून तिने जी बोली उंबऱ्याबाहेर ठेवली, जी मी तिच्या तोंडून फक्त मावशीशी आणि तीही दबक्या आवाजात ऐकली होती, त्या बोलीत.

“मना आंडोर कोठे शे?”

आंडोर म्हणजे मुलगा. माझा मुलगा कुठे आहे.

मी आई म्हणून हाक मारू शकत होते, पुस्तक मिटू शकत होते. पण मी रखवालदार होते, आणि कुठलाही रखवालदार विचारेल तेच माझ्या तोंडून निघालं.

“नाव काय त्याचं?”

प्रकाशने श्वास घेतलेला मला ऐकू आला. आईने माझ्याकडे पाहिलं. मुलीकडे नाही, वेशीवरच्या माणसाकडे.

“मिलिंद,” ती म्हणाली. मग परत, जरा मोठ्याने, “मिलिंद. माले त्याले घर लई जावानं शे.” त्याला घरी न्यायचंय. आणि मग ती उठून उभी राहिली, मेथी सगळी फरशीवर सांडली, आणि तिने हाक मारली. मिल्याऽऽ. पुन्हा मिल्याऽऽ. तिसरी हाक शब्दाची राहिलीच नाही. तो आवाज मी माझ्या आईचा कधी ऐकला नव्हता. खोलीतली भांडी वाजली असं मला वाटलं. ती भिंतीला धरून खाली बसली तरी तो आवाज चालूच होता. प्रकाश तिच्या पायाशी सरकला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मला रडू आलं नाही. पण फार दिवसांनी मला भीती वाटली, आणि भीती वाटतेय याचं बरंही वाटलं.

बेल वाजली. पुन्हा वाजली. मी उठले, कडी काढली. समोरच्या काकू उभ्या होत्या, ओल्या हातांनी, एक चप्पल घातलेली, एक हातात.

“काय गं, काय झालं? कोण ओरडतंय?”

“आई रडतेय,” मी म्हणाले, आणि दार पूर्ण उघडलं.